मगरीची बॅच

तिला मगर हे नाव मुलांनी ठेवलं होतं, आणि ते तिला माहीत नाही असा मुलांचा समज होता. ती काठावरून चालत आली की उथळ बाजूला कुजबुज व्हायची, "आली, मगर आली," आणि कठड्याला लटकलेली पोरं निमूटपणे पाय मारायला लागायची. एकदा एका चिमुरडीच्या तोंडून निसटलंच, "मगरबाई, माझ्या नाकात पाणी गेलं." सगळा तलाव चिडीचूप. तिने त्या पोरीचं नाक टॉवेलने पुसलं आणि म्हणाली, "नाकात गेलेलं बाहेर येतं. मनात गेलेलं येत नाही. चल, परत." त्या दिवसापासून आम्हीही तिला उघडपणे मगर म्हणायला लागलो. घरी तिचं दुसरं नाव होतं, पण तलावावर कुणी त्या नावाने हाक मारली असती तर तिने वळूनही पाहिलं नसतं.

मी आणि ती एकाच तरण तलावावर पोहायला शिकवायचो. मी पुरुषांना आणि मोठ्या मुलांना, ती बायकांना आणि लहानग्यांना. पंपाच्या खोलीला लागून आमची एक खोली होती. दोन खुर्च्या, एक गंजलेलं कपाट, चहाची किटली आणि दोरीवर कायम ओले असणारे टॉवेल. मधल्या वेळेत आम्ही तिथं बसायचो आणि आधी गुडघ्यांना, मग मॅनेजरला आणि शेवटी सगळ्या जगाला नावं ठेवायचो. पंपाची घरघर एवढी असायची की एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागे. त्यामुळे आमच्यात गुपित असं काही राहिलं नाही.

एक बाई आणि एक पुरुष रोज एका खोलीत चहा पितात म्हटल्यावर लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलं. ते माझ्या बायकोच्या कानावर गेलं. तिने मगरीला जेवायला बोलावलं, आग्रह करकरून वाढलं आणि हात धुताना तिच्यासमोरच मला म्हणाली, "या बाईने तुमच्यात काहीतरी पाहिलंय असं लोकांचं म्हणणं आहे. काय पाहिलं ते विचारून घ्या. मला तर इतक्या वर्षांत काही सापडलेलं नाही." दोघी हसून हसून खाली बसल्या. पुढे त्या दोघींची माझ्याविरुद्ध पक्की युती झाली.

गाठीचं तिने मला असं सांगितलं, जसं एखादी उद्या जरा उशीर होईल म्हणून सांगते. मी पाण्यात औषध किती झालंय ते तपासत होतो. ती शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "मास्तर, छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणतो, उजवी बाजू काढायची. माझी लहान मुलांची बॅच तू बघ. आणि त्यांना चॉकलेट देऊन पाण्यात उतरवू नकोस, लाडावतात."

शस्त्रक्रिया झाली. पुढची औषधं झाली, केस गेले. जखम भरली आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरायला परवानगी दिली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती आली. कपडे बदलायच्या खोलीतून ती बाहेर पडली तेव्हा अंगावर नेहमीचाच काळा पोहण्याचा पोशाख होता. एका बाजूला भरलेला, दुसऱ्या बाजूला सपाट. बाजारात असल्या पोशाखात घालायला गाद्या मिळतात. तिने त्यातलं काही घातलं नव्हतं. माझी नजर क्षणभर तिकडे गेलीच.

"बघून घे," ती म्हणाली. "एकदा नीट बघ, म्हणजे रोज चोरून बघावं लागणार नाही."

मी बघितलं. मग ती नेहमीसारखी खोल बाजूपर्यंत चालत गेली आणि तिने सूर मारला. पाणी उडालं ते तेवढंच, जेवढं आधी उडायचं.

आठवडा उलटायच्या आत तक्रार आली. मॅनेजरने आम्हा दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. मला कशाला, ते मी ओळखलं; तिच्यासमोर एकटं बसायची त्याची छाती नव्हती.

"बाई, तुमच्या धैर्याचं आम्हाला कौतुकच आहे," त्याने सुरुवात केली. "पण काही सभासदांचं म्हणणं पडलं."

"काय म्हणणं पडलं?"

"लहान मुलं असतात. त्यांना ते जरा विचित्र वाटतं."

"मुलांनी मला विचारलं. मी सांगितलं, आजारी होतं ते काढून टाकलं. मुलं म्हणाली, दात काढतात तसं? म्हटलं, तसंच. विषय संपला. तुमच्या सभासदांचा कधी संपतोय ते सांगा."

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघत होतो. मग तो म्हणाला की थोडे दिवस तिने तिकिटाच्या खिडकीवर बसावं, किंवा वरून एखादा सैल सदरा घालावा.

"सैल सदरा घालून पाण्यात उतरलं की माणूस बुडतं," ती म्हणाली. "हे मी मुलांना पहिल्या दिवशी शिकवते. तुमचीही एक बॅच घेते, या."

"बाई, तुम्हाला इथंच काम करायचंय. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"अगदी बरोबर. पण इथं मासा कोण आणि मगर कोण, ते आधी ठरवून घ्या."

ती उठून गेली. मॅनेजरने पुढे तो विषय काढला नाही. तक्रार करणारे सभासद काही दिवस तोंड फिरवून पोहत राहिले. तोंड फिरवून पोहणं अवघड असतं, मान दुखते. मग त्यांनीही सोडून दिलं.

दुपारची बॅच अशी सुरू झाली. दवाखान्यात तिच्याच वॉर्डात एक शिंपीण होती, तिचंही तसंच ऑपरेशन झालेलं. तिचा हात खांद्यातून वर जात नव्हता. ती तलावावर आली आणि काठावरच उभी राहून म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, हात हलवत राहा. घरात हलवला की दुखतं. पाण्यात कमी दुखेल का?"

"दुखेल," मगर म्हणाली. "पण पाण्यात रडलेलं कळत नाही. उतर."

शिंपिणीने आणखी एकीला आणलं. तिने आपल्या जावेला. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक आजी आल्या, त्यांना आजारबिजार काही नव्हता. आधी वडील नको म्हणाले, मग नवरा नको म्हणाला, मग मुलगा नको म्हणाला; आता नको म्हणणारं घरात कुणी उरलं नाही, म्हणून आले, असं त्यांनी सांगितलं. एकीची पाठ भाजलेली होती, एक इतकी जाड होती की वजन विचारलं की ती जन्मतारीख सांगायची. दुपारी फरशा तापलेल्या असायच्या, तळवे भाजायचे, त्या वेळेला तलावावर कुत्रंही फिरकत नसे. म्हणूनच तलावाच्या समितीने ती वेळ दिली. शिंपिणीने सगळ्यांचे पोशाख शिवले, जिला जिथं जसं हवं तसं. या बायका पाण्यात उतरल्या की त्यांचा दंगा तिकिटाच्या खिडकीपर्यंत ऐकू यायचा. फलकावर 'महिला, दुपार' असं लिहिलेलं होतं. सगळे मगरीची बॅच म्हणायचे.

मग आजार परत आला. या वेळी तो हाडांत शिरला होता. काही दिवस ती काठावर खुर्ची टाकून, तोंडात शिट्टी धरून शिकवत राहिली. मग खुर्चीतही बसवेना, तेव्हा तिला दवाखान्यात ठेवलं.

मी काम संपलं की तिथं जायचो. पहिल्या दिवशी तिचे थोरले भाऊ दाराशीच भेटले. ते दुसऱ्या गावाहून आले होते, झोप न झालेला चेहरा, हातात औषधांची पिशवी. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण लागता?"

"आम्ही एका ठिकाणी काम करतो."

"सध्या फक्त घरच्यांनाच सोडतोय आम्ही."

आतून तिचा आवाज आला. आवाज बारीक झाला होता, पण काठावरून ओरडायची सवय गेली नव्हती. "दादा, तो माझा काही लागत नाही. तरी आलाय. जे लागतात त्यांना यावंच लागतं. त्याला आत सोड."

दादा बाजूला झाले. त्यांचं वाईट वाटायचं मला. माणूस घाबरलेला होता आणि घाबरलेली माणसं दार अडवून उभी राहतात.

एक दिवस मी गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळी कुणीतरी ओळखीचं येऊन 'लढत राहा' असं सांगून गेलं होतं.

"मी लढत नाहीये, मास्तर," ती म्हणाली. "मी पडून आहे. देतात ते औषध घेते आणि ओकते. यात लढाई कुठे दिसली त्या बाईला? आणि एकदा लढाई म्हटलं की मेल्यावर म्हणणार, हरली. मी या आजाराशी शर्यत लावलीच नव्हती."

"मग काय म्हणायचं?"

"म्हणायचं, तिला राग आला होता. जायचं नव्हतं तिला." ती माझ्याकडे वळली. वळायला तिला बराच वेळ लागला. "जो येतो तो सांगतो, मन शांत ठेव. का ठेवू? तो तलाव सोडून जायचंय मला, त्या बायका सोडून, तुझा तो गुळचट चहा सोडून. मी शांत का राहायचं?"

"नको राहूस," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. "एवढंच ऐकायचं होतं. तू बावळट आहेस, पण हे बरोबर बोललास."

आम्ही बराच वेळ बसलो. मी तिला सांगितलं की पोस्टातल्या आजी आता उताण्या तरंगतात, पण तरंगताना तोंड बंद ठेवत नाहीत. ती हसली, हसताना तिला कळ आली, आणि कळ ओसरल्यावर ती पुन्हा हसली.

ती गेली तेव्हा फोन दादांनीच केला. घरातल्या माणसांना करतात तसा, दोनच वाक्यांचा. मी सरळ मॅनेजरकडे गेलो आणि म्हणालो, मी निघतोय, आज येणार नाही.

त्याने हळहळ व्यक्त केली. मग म्हणाला, "पण आज मोठ्या मुलांची चाचणी आहे. आणि हे बघा, जवळचं नातेवाईक असेल तर रजा देता येते. ही तुमची नात्याने तशी..."

"मैत्रीण होती."

"ते नियमात बसत नाही ना."

"मग नियमाला इथं बसू द्या. मी जातो," मी म्हणालो आणि शिट्टी त्याच्या टेबलावर ठेवली.

घरी बायको माझा पांढरा सदरा इस्त्री करत होती. इस्त्री एवढ्या जोरात फिरवत होती की टेबल हलत होतं. मी दारातच उभा राहिलो. ती मागे न वळता म्हणाली, "रडा की. बायकोसमोर दुसऱ्या बाईसाठी रडायची लाज वाटते का? मी तर सकाळपासून रडतेय." मग आम्ही दोघांनी मिळून रडून घेतलं आणि दोघं मिळून तिला पोचवायला गेलो. तिथंही एका म्हाताऱ्या नातेवाइकाने विचारलं, हे कोण. माझ्याआधी दादाच म्हणाले, "हे तिचे आहेत." पुढचं नातं त्यांनी सांगितलं नाही आणि त्या म्हाताऱ्यांनीही विचारलं नाही.

कामावर परत गेलो तर फलकावर दोन कागद लागले होते. एकावर शोकसभेची वेळ. दुसऱ्यावर, शिक्षिकेच्या निधनामुळे दुपारची महिला बॅच बंद करण्यात येत आहे. ती वेळ बाहेरून येणाऱ्या एका प्रशिक्षकाला, त्याच्या स्पर्धेतल्या मुलांसाठी देऊन टाकली होती. दोन्ही कागद एकाच टाचणीने टोचलेले होते.

"बायकांना बाईच शिकवणार," मॅनेजर म्हणाला. "आता बाई नाही."

"दुसरी नेमा."

"समिती विचार करेल."

"बायकांच्या खोलीतला दिवा गेलाय, त्याचाही समिती विचारच करते आहे. बायका अंधारात कपडे बदलतात."

तो ऐकू न आल्यासारखं करून म्हणाला, "सभेसाठी त्यांचा एक फोटो हवाय. तुमच्याकडे असेल."

माझ्याकडे होता. शिंपिणीने काढलेला. काठावर कमरेवर दोन्ही हात ठेवून मगर उभी आहे, डोक्यावर केसांची नुकती लव आली आहे, अंगावर पाणी निथळतंय, एक बाजू सपाट आहे आणि ती कुणावर तरी डाफरता डाफरता हसते आहे. मॅनेजरने तो हातात धरला, पण टोकाला धरला. "हा नको. आजाराआधीचा बघा."

त्याने शेवटी जुन्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. त्या फोटोतली बाई कुणाला तरी चुकवून पळालेली वाटत होती.

मी शिंपिणीच्या दुकानात गेलो. पोस्टातल्या आजी तिथंच काजं करत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. शिंपिणीने मशीन थांबवलं.

"मास्तर, तुम्ही आम्हाला शिकवाल?" तिने विचारलं.

"मी पुरुष आहे."

"ते दिसतंय. शिकवाल का ते सांगा."

"शिकवीन."

"मग झालं," आजी म्हणाल्या. "बाकी आमच्याकडे लागलं."

शोकसभा तलावाच्या शेजारच्या दालनात होती. समितीचे अध्यक्ष मधोमध बसले, दादा पहिल्या रांगेत, बॅचच्या बायका मागे भिंतीला लागून. माझी बायकोही त्यांच्यात जाऊन बसली. मॅनेजर भाषणाला उभा राहिला. दिवंगत शिक्षिकेने दुर्धर आजाराशी शेवटच्या श्वासापर्यंत झुंज दिली, पण अखेर ती झुंज अपयशी ठरली, असं तो म्हणाला. तिच्या हसतमुख आणि शांत स्वभावाचा त्याने उल्लेख केला, आणि रुमाल काढून डोळ्यांना लावला.

"मगरीच्या सभेला मगरीचे अश्रू," आजी शेजारणीला म्हणाल्या. आजींना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज सगळ्यांना ऐकू येते.

मग मला बोलायला सांगितलं. मी कधी सभेत बोललेलो नाही. मी काठावर उभं राहून ओरडणारा माणूस. तरी उभा राहिलो.

"ती शांत स्वभावाची नव्हती," मी म्हणालो. "तिच्याबरोबर ज्यांनी काम केलंय त्यांना माहीत आहे. आणि तिने आजाराशी झुंज दिली नाही. ती आजारी पडली आणि गेली. तिला जायचं नव्हतं आणि तिला राग आला होता. हे तिने मला सांगायला सांगितलं होतं, म्हणून सांगतोय. तिने झुंज दिली ती इथं दिली. या तलावावर, तुमच्या-आमच्याशी. अंग झाकून खिडकीवर बस म्हटल्यावर ती बसली नाही. तिच्यामुळे ज्या बायका पाण्यात उतरल्या त्या मागे बसल्या आहेत. ती झुंज ती जिंकली होती. आता ती नाही असं बघून तुम्ही तिला त्या झुंजीत हरवायला निघालात."

मॅनेजर पाण्याचा पेला इकडचा तिकडे ठेवायला लागला. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या भावना समजू शकतो, पण ही जागा..."

तेवढ्यात दादा उभे राहिले. त्यांनी हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. "हा फोटो आमच्या घरातही कुणी ओळखायचं नाही. मास्तर, तुमच्याकडे दुसरा आहे असं वहिनी म्हणत होत्या. बघू."

मी खिशातून काढून दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. त्यांनी आपल्या बहिणीला असं कधी पाहिलं नसावं. ऑपरेशननंतर घरी ती शाल पांघरून बसायची, असं त्यांनी मला मागाहून सांगितलं. आत्ता त्यांनी फोटो शेजारच्याच्या हातात दिला, त्याने पुढच्याच्या. तो सगळ्या दालनात फिरला. अध्यक्षांच्या हातात आला तेव्हा त्यांनाही तो बघावा लागला.

आजी मागून म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, उद्या दुपारी आम्हाला पोहायचंय. दारं उघडी असतील ना?"

"आजी, ही चर्चेची जागा नाही. आपण शोक करायला जमलोय."

"तो झाला की. आम्ही चांगला दणकून केला. उद्याचं विचारतेय मी."

"विचार करू," अध्यक्ष म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांच्या खोलीला कुलूप होतं. शिंपिणीला त्याचा अंदाज होता. सगळ्या पोशाख आत घालूनच आल्या होत्या. त्यांनी काठावरच्या बाकांवर वरचे कपडे काढून घड्या करून ठेवले. बाहेरचा प्रशिक्षक आपली मुलं घेऊन उभा होता. त्याने त्या बायका पाहिल्या, शिंपिणीची सपाट छाती पाहिली, एकीची भाजलेली पाठ पाहिली. मग आपल्या मुलांना म्हणाला, "चला, आपण खोल बाजू घेऊ. उथळ बाजूत आपल्याला काय काम?" त्या माणसाचे मी पुढे आभार मानले. तो म्हणाला, माझी आईही याच आजाराने गेली. एवढंच.

मॅनेजर धावत आला. त्याच्या पायांत बूट होते, आणि तलावाच्या काठावर बूट घालून येऊ नये असा नियम त्याने स्वतःच लावलेला होता. "मास्तर, पुरुषाने बायकांना शिकवलेलं चालणार नाही. लोक काय म्हणतील?"

"आमची ऑपरेशनं पुरुषानेच केली," शिंपीण म्हणाली. "तेव्हा तुम्ही कुठे होतात? तेव्हा यायचं होतं लोकांना घेऊन."

"तुम्ही उतरलात तर कारवाई होईल," तो मला म्हणाला.

मी सदरा काढला, बाकावर त्यांच्या घड्यांशेजारी ठेवला आणि उतरलो. पाणी कोमट होतं. बायका शिडी धरून एकेक करून खाली आल्या आणि कठड्याला रांगेत लागल्या. मी म्हणालो, "पाय सरळ ठेवा, मारायला सुरुवात करा."

कुणी हललं नाही.

"मास्तर," ती जाड बाई म्हणाली, "मगर ओरडायची. तुम्ही विनंती करताय."

मग मी ओरडलो. छातीत जे होतं नव्हतं ते सगळं ओरडलो. पाय सुरू झाले, पाणी उसळलं, आणि मॅनेजरचे बूट भिजले.

कारवाई झाली. मला घरी बसवलं. त्या काळात बॅचच्या बायका रोज दुपारी समितीच्या कचेरीत जाऊन बसायच्या. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. कुणी विणकाम घेऊन, कुणी शिवण घेऊन, आजी अडकित्त्यासारख्या जिभेशिवाय काहीच न घेता. माझी बायको डबे घेऊन जायची. मी घरी बसून भांडी घासायचो आणि ती परतल्यावर आजचा वृत्तांत ऐकायचो. शेवटी अध्यक्षांनाच कचेरीत बसायला खुर्ची मिळेना, तेव्हा समितीने निर्णय घेतला.

सगळं काही मिळालं नाही. बॅच परत मिळाली, पण तलावाची अर्धीच रुंदी. मला कामावर घेतलं, पण पुरुषांची सकाळची बॅच, जी मी इतकी वर्षं घडवली होती, ती काढून दुसऱ्याला दिली. जीवरक्षकाची परीक्षा दिलेली एक तरी बाई पाण्यात हवी, अशी अट घातली. शिंपीण परीक्षेला बसली आणि नापास झाली. चार दिवस ती कुणाशी बोलली नाही. मग पुन्हा बसली आणि पास झाली. आता ती माझ्याबरोबर उतरते, तिचा हात खांद्यातून पूर्ण वर जातो, आणि ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडते. ओळखपत्रावरचा तो फोटो दालनात आहे तसाच आहे. आम्ही तो काढा म्हणालो नाही. दुसरा दादांनी मागून घेतला आणि आपल्या घरात दर्शनी भिंतीवर लावला.

लोक मला म्हणतात, काळ हे औषध आहे, हळूहळू कमी होईल. कमी व्हावं अशी माझी इच्छा नाही. पंपाच्या खोलीशेजारी मी अजून दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो, आणि मला दर वेळी तेवढाच राग येतो. तो राग घेऊन मी पाण्यात उतरतो. काम चांगलं होतं.

मध्यंतरी एक नवीन बाई आली. पाण्यात उभी राहून तिने विचारलं, "सगळे मगरीची बॅच म्हणतात, ती मगर म्हणजे कोण?" झालं. शिंपीण म्हणाली, ती उंच होती. आजी म्हणाल्या, छे, उंच कुठली, आवाज उंच होता. शिंपीण म्हणाली, ती गाडीवानासारखी शिव्या द्यायची. आजी म्हणाल्या, माझ्यादेखत एकही दिली नाही. "तुम्हाला ऐकू येत नाही, आजी," तिसरी म्हणाली. कठड्याला धरून भांडण रंगलं आणि नवीन बाई एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पण ती पोहायची कशी?" तिने विचारलं.

मी म्हणालो, थांबा, दाखवतो. खोल बाजूला गेलो, श्वास घेतला आणि तिच्यासारखा हात टाकत इकडून तिकडे पोहून आलो. माझ्या परीने मी चांगलं पोहलो.

आजी मान हलवत म्हणाल्या, "राहू द्या मास्तर."

मी नाकातलं पाणी झटकलं, शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना पुन्हा कठड्याला लावलं.